पाऱ्याइतकाच वाराही मोजा

संपादक महोदय,

नागपूरचा पारा ४५ च्या पुढे सरकला की ‘उन्हामुळे वीजवाहिन्यांची क्षमता घटली’ हे ठरलेले वाक्य छापून येते. घटते हे खरे, पण त्यात पाऱ्यापेक्षा वाऱ्याचा हात मोठा असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

२२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) उच्चदाब लाईनवर सर्रास दिसणारी ‘झेब्रा’ जातीची अ‍ॅल्युमिनियम-पोलादी तार घ्या. हवा ४५ अंश, कडक ऊन, तार ७५ अंशांपर्यंत तापू द्यायची आणि वारा ताशी जेमतेम २ किलोमीटर धरला, तर साधारण ५५० अ‍ॅम्पिअर वीजप्रवाह तिला झेपतो. त्याच उन्हात ताशी ७ किलोमीटरचा वारा तारेला आडवा लागला की ती ८५० च्या आसपास पेलते. पारा दोन अंशांनी चढला तर नुकसान फक्त ३०-४० अ‍ॅम्पिअरचे. वारा लाईनच्या दिशेनेच वाहत असेल तर त्याचा गारवा निम्म्याहून कमी पोहोचतो. वारा पूर्ण पडला, तर ऑक्टोबरच्या ३४ अंशांच्या दुपारीही ५५० चा भरवसा नाही.

म्हणून सोनेगावच्या वेधशाळेतील वाऱ्यावरून खापरखेड्याकडच्या लाईनचा हिशेब करू नये. वेधशाळा मोकळ्या जागेत मोजते. लाईन झाडी-इमारतींच्या आडोशातूनही जाते, आणि सबंध लाईनची मर्यादा सर्वांत आडोशाचा स्पॅन, म्हणजे दोन टॉवरांमधला टप्पा, ठरवतो. वातमापक तिथल्या टॉवरवर, तारेच्या उंचीला हवा, तोही अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी वारा मोजणारा. वाट्यांचा वातमापक मंद वाऱ्यात थबकतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. जोडीला तापमान व सूर्यप्रकाश मोजणारी साधने, आणि पडताळ्यासाठी तारेवर झोळ (तार मध्ये किती खाली लोंबते ते) मोजणारा सेन्सर. ३५० मीटरच्या स्पॅनमध्ये तार ३० अंशांनी तापली की झोळ सुमारे मीटरभर वाढतो. २२० केव्हीला जमिनीपासून किमान ७ मीटर सोडावे लागतात. लोड वाढल्यावर तार पहिल्या पाव तासातच बरीचशी तापते, तेव्हा तासाची सरासरी कामाची नाही.

आणखी एक. तारेला वारा लागला म्हणून उपकेंद्रातील सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा आयसोलेटर (लाईन वेगळी करणारा स्विच) यांचे रेटिंग वाढत नाही. सैल जंपर, म्हणजे टॉवरवर दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा, तर तारेच्या आधी जळतो. थर्मल कॅमेऱ्याने ते आधी तपासावेत. या मोजमापांवरून निघालेला मर्यादेचा आकडा राज्याच्या वीजजाळ्याचे नियंत्रण करणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या पडद्यावर यायला हवा आणि लाईन बंद पाडणाऱ्या संरक्षक रिलेची सेटिंगही त्याला जुळायला हवी. नाहीतर वारा सुटलेला असतानाही लाईन जुन्याच मर्यादेवर ट्रिप होईल.

— पारेषण क्षेत्रातील एक वाचक, नागपूर