परदेशी नावांवरच्या खुणा गाळू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर पोलंडच्या टेनिसपटू इगा यांचे आडनाव कधी ‘स्विआटेक’ तर कधी ‘स्वियातेक’ असे छापलेले दिसते. ही रूपे ज्या इंग्रजी मजकुरावरून घेतली जातात, त्यात मूळ नावावरच्या खुणा बहुधा आधीच गळालेल्या असतात. पोलिश लेखनात या आडनावातल्या ‘एस’वर तिरकी रेघ आहे आणि ‘ए’च्या पायाशी छोटी शेपटी आहे. रेघेमुळे ‘स’चा ‘श’ होतो; शेपटीमुळे स्वर नाकातून जातो आणि पुढे ‘त’ आल्यामुळे तो ‘ऑन’ असा ऐकू येतो. म्हणजे नाव ‘श्विऑन्तेक’च्या जवळ जाते. देवनागरीत हे सगळे सहज लिहिता येते, इंग्रजीत मात्र येत नाही. तरीही इंग्रजीची अडचण आपण विनाकारण आपल्या अंगावर ओढून घेतो. तुर्कस्तानच्या अध्यक्षांचे ‘एर्दोगन’ याच वाटेने आले. त्यातल्या ‘जी’वर वाटीसारखी खूण असते, आणि तुर्की भाषेत अशा अक्षराला स्वतःचा उच्चार जवळपास नसल्यामुळे ते फक्त मागचा स्वर लांबवते. ‘एर्दोआन’ लिहिले की काम झाले.

खूण ओळखली म्हणजे उच्चार कळला, असे मात्र नाही. तीच तिरकी रेघ चेक भाषेत स्वर दीर्घ करते, म्हणजे आपल्या दुसऱ्या वेलांटीचे काम करते. ‘नाव्रातिलोवा’ या आडनावात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ‘ए’वर आहे, पहिल्यावर नाही. स्पॅनिशमध्ये ती प्रामुख्याने आघात कुठे द्यायचा ते सांगते, स्वर लांबवत नाही. पोलिशमध्ये ती ‘ओ’वर आली की चक्क ‘उ’ होतो, म्हणून तिथल्या जुन्या राजधानीचे नाव ‘क्राकुफ’ असे ऐकू येते. तेव्हा नाव कोणत्या भाषेतले आहे, हे आधी पाहावे लागते, आणि उपसंपादकाला रात्री अकरा वाजता तेवढी सवड नसते, हेही मान्य करायला हवे.

आम्हा गोव्याच्या वाचकांना हा विषय विशेष खटकतो. पोर्तुगीजमध्ये ‘ए’वर काढलेली नागमोडी रेघ म्हणजे अनुनासिक स्वर. 24 जूनला साजऱ्या होणाऱ्या आमच्या सांजाव, म्हणजे संत जुवांवाच्या, सणाच्या नावात तो अनुस्वार आजही शाबूत आहे, आणि इथल्या जुवांव नावाच्या माणसाला शेजारीपाजारी कोणी ‘जोआओ’ अशी हाक मारत नाही. त्याच नावाचा पोर्तुगालचा फुटबॉलपटू मात्र मराठी बातमीत हमखास ‘जोआओ फेलिक्स’ होतो.

या उपेक्षेला एक तांत्रिक कारणही असावे. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या संगणकी फॉन्टांत अक्षरांसाठी 256 जागा असत. पहिल्या 128 जागा साध्या इंग्रजीच्या होत्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जागांवर युरोपीय भाषांची खुणा असलेली अक्षरे होती. आपल्या अनेक मराठी फॉन्टांनी नेमक्या याच जागांवर काना, मात्रा आणि जोडाक्षरे बसवली. जुनी मराठी फाइल मूळ फॉन्टशिवाय उघडली की पडद्यावर टोप्या, टिंबे आणि रेघा असलेल्या रोमन अक्षरांचा जो कचरा दिसे, तो त्यामुळेच. त्या काळात मराठी मजकुरात फ्रेंच नाव खुणांसह टंकलिखित करायचे तर मध्येच फॉन्ट बदलावा लागे. आता ती सबब उरलेली नाही. मोबाइलवर इंग्रजी कळफलकातले अक्षर दाबून धरले की त्याची खुणा असलेली रूपे ओळीने समोर येतात. विंडोजवर ‘ऑल्ट’ दाबून धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर 0233 टाइप केले की तिरकी रेघ असलेला फ्रेंच ‘ई’ मिळतो.

माझी मागणी मर्यादित आहे. ‘पॅरिस’चे ‘पारी’ करू नये. रुळलेली नावे आहेत तशीच राहावीत. जर्मन ‘यू’वर दोन टिंबे आली की होणाऱ्या स्वराला देवनागरीत अक्षर नाही, तिथे ‘म्युलर’ हेच चालू द्यावे. पण नवे नाव पहिल्यांदा छापताना मूळ लेखन खुणांसह पाहून देवनागरी रूप ठरवावे, आणि क्रीडा, परराष्ट्र व मनोरंजन या तिन्ही विभागांनी मिळून एकच नामसूची ठेवावी. तिच्यात मूळ रोमन लेखनाचा एक रकाना असावा. तो भरताना एक काळजी घ्यावी लागेल, कारण युनिकोडमध्ये असे अक्षर अखंड किंवा मूळ अक्षर व सुटी खूण अशा दोन प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक लिहिल्यावर दुसरे सापडेलच असे नाही. आपल्या ‘ॲ’लाही 2008 मध्ये युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली, तरी ‘अ’वर सुटा चंद्र देणारे अजून आहेत, आणि ‘ॲप’ शोधताना त्याचा त्रास होतो. संकेतस्थळावरील जुन्या बातम्यांत नावे बदलत बसण्याची गरज नाही. नव्या रूपाने शोधले असता जुने रूपही सापडावे, एवढी जोडणी करून द्यावी.

आपला,
एक वाचक, फोंडा, गोवा