मास्क तुमच्या माणसाने कापले, वॉरंटी माझी का कापता?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एलईडी वॉलच्या मॉड्यूलवरील मास्क (एलईडींभोवतीची काळी प्लास्टिकची जाळी) कापल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

मी मालवण तालुक्यात मंडप, साउंड आणि एलईडी वॉल भाड्याने देतो. आपल्याकडून मी पी ४.८१ आउटडोअरची (उघड्यावर वापरायची, दोन एलईडींत ४.८१ मिमी अंतर असलेली) ४० कॅबिनेट घेतली, प्रत्येकात चार, म्हणजे २५० बाय २५० मिमीची १६० मॉड्यूल (पडद्याचे चौकोनी तुकडे). त्यांपैकी १४ मॉड्यूलवर एलईडींच्या लाइनी बंद पडल्या आहेत, काहींचे कोपरे काळे पडले आहेत. त्याची तक्रार केली तर आपला मेल आला: ‘मास्कमध्ये ग्राहकाने फेरफार केल्याने वॉरंटी लागू नाही.’

फेरफार झाला आहे, पण तो आपल्याच इंजिनिअरने, माझ्या गोडाऊनमध्ये बसून केला. त्याचा सर्व्हिस रिपोर्ट आपल्या शिक्क्यासह माझ्याकडे आहे. प्रत सोबत जोडली आहे.

मूळ अडचण अशी. आउटडोअर मास्कवर एलईडीच्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक काळी पट्टी असते, खिडकीवरच्या छज्ज्यासारखी. वरून येणारे ऊन अडावे, काळा रंग काळाच दिसावा म्हणून ती असते, आणि सपाट मैदानावर ती उत्तम काम करते. आमच्याकडे मैदाने सपाट असतात, पण माणसे सपाटीवर बसत नाहीत. क्रिकेटच्या स्पर्धेला निम्मा गाव वरच्या चढावर, जांभ्याच्या पायऱ्यांवर बसतो आणि खालच्या स्क्रीनकडे बघतो. वरून बघणाऱ्याला ती पट्टी एलईडीचा वरचा भाग झाकते. चित्र मंद होते आणि रंगही बदलतो, कारण एलईडीच्या आतल्या लाल, हिरव्या, निळ्या चिप एकावर एक असतील तर एक रंग आधी झाकला जातो. पायऱ्यांवरून ‘पडद्यार कायच दिसना नाय!’ अशी ओरड सुरू झाली की आयोजक स्कोअरबोर्ड सोडून माझ्याकडे बघतात.

हे मी आपल्याला फोटोंसह कळवले होते आणि आखूड पट्टीचे मास्क मागितले होते. तसे मास्क स्टॉकमध्ये नाहीत, आमचा माणूस आहेत तेच दुरुस्त करून देईल, हे उत्तर आपले. उपाय आपण सुचवलात, हत्यारे आपली, हातही आपलेच.

आता त्या हातांनी काय केले ते सांगतो. मास्क काढताना त्याखालचे, पाणी अडवणारे सिलिकॉन सोडवून घ्यायला हवे होते. ते चिकटलेलेच असताना मास्क पान्याने उचकटला, त्यासरशी कडेचे एलईडी पॅडसकट (ज्या तांब्याच्या ठिपक्यांवर ते जोडलेले असतात) सुटून आले. ते जागेवरच डाग देऊन (सोल्डर करून) बसवले, पण त्यांच्याभोवती सिलिकॉन पुन्हा भरलेच नाही. समोरच्या बाजूला संरक्षणाचा दर्जा आयपी ६५, म्हणजे धूळ आत नाही आणि पाण्याचा झोतही आत नाही. ते संरक्षण त्याच दिवशी संपले. खाऱ्या हवेला आमच्याकडे पावसाचीही गरज लागत नाही. बंद पडलेल्या मॉड्यूलचा मास्क आपल्या दुसऱ्या माणसासमोर उघडला तेव्हा डाग दिलेल्या ठिकाणी तांब्यावर हिरवट थर चढलेला होता, आणि ज्या एलईडीला हात लागला नव्हता त्यांच्याभोवती सगळे कोरडे आणि स्वच्छ. याचा क्लोजअप फोटो सोबत आहे. तो नीट पाहिला असता तर मेल वेगळा आला असता.

दिसण्याचे तर विचारूच नका. पट्ट्या कापून पॉलिश पेपर मारल्यावर काळे प्लास्टिक पांढुरके झाले. ते झाकायला स्प्रे मारला तो चकचकीत! मॅट काळ्याच्या जागी चकाकी आली, त्यामुळे दुपारी कापलेली मॉड्यूल राखाडी दिसतात, न कापलेली काळी. पडदा चालू नसतानाही बुद्धिबळाचा पट. नंतर आपण पाठवलेले चार-दोन मास्क वेगळ्या बॅचचे निघाले, ते तिसऱ्याच छटेचे. मास्कचे नवीन स्क्रू साधे लोखंडी होते, त्यांचे तांबडे ओघळ आता मास्कवर उतरले आहेत. किनाऱ्यावर माल विकताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू देणे ही काही चैन नाही.

माझी मागणी अशी: १४ मॉड्यूल वॉरंटीत बदलून द्या. सर्व १६० मॉड्यूलना एकाच बॅचचे, आखूड पट्टीचे, कारखान्यातच बनलेले मॅट मास्क द्या, कापलेले नकोत. जिथे जिथे मास्क उचकटला तिथे सिलिकॉन भरून, वॉरंटी कायम असल्याचे लेखी द्या.

‘व्यवसायासाठी घेतलेला माल, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हे आपण फोनवर ऐकवले आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक वापरात धरत नाही, आणि त्याच कायद्याने मी जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे तारखांना आपल्याला सिंधुदुर्गात यावे लागेल. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी तो मार्ग धरीन.

कार्तिकापासून आमच्या जत्रा सुरू होतात आणि माझ्या सुपाऱ्या ठरलेल्या आहेत. मॉड्यूल कुरिअरने मागवू नका, वाटेत कोपऱ्यांचे एलईडी झडतात आणि मग त्याचेही खापर माझ्यावर. माणूस इकडेच पाठवा. फक्त या वेळी पान्याऐवजी सिलिकॉन सोडवायचे सामान घेऊन येणारा पाठवा.

आपला,
एक ग्राहक, मालवण

सोबत: बिल, सर्व्हिस रिपोर्ट, आपला मेल, फोटो