अंगणाचा ठेका देण्याआधी

पुणे,
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं, बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. त्यातून तुम्ही दोघं स्पीकरवर एकदम बोलता. म्हणून सरळ कागदावर लिहितेय. बाबांनी हे दोनदा वाचावं आणि काँट्रॅक्टर आला की ओटीवर त्याला दिसेल असं ठेवावं. माझी काही हरकत नाही.

त्याच्या कोटेशनचा फोटो मिळाला. वहीच्या पानावर एकच ओळ आहे, 'अंगण व गेटपासून रोड काँक्रीट करणे, मटेरियलसह', आणि पुढे आकडा. हा आकडा जास्त आहे की कमी, ते मला सांगताच येत नाही. काँक्रीट किती जाड, रस्ता किती रुंद, खाली भर कसली, पावसाचं पाणी कुठे जाणार, यातलं अक्षरही त्यात नाही. मी ऑफिसात दिवसभर काँट्रॅक्टरांची बिलंच तपासते. असा कागद आमच्या टेबलावर आला तर चहा व्हायच्या आत परत जातो.

बाबा, तुम्ही म्हणाल, तो माझा विद्यार्थी, तो कशाला फसवेल? मीही तेच म्हणते. फसवणुकीचा प्रश्नच नाही. तो मनात चार इंच धरून बसलाय, तुम्ही सहा. तुम्हाला वाटतंय गेटपाशी गटारावरची मोरी त्यातच आली, त्याच्या हिशेबात ती 'एक्स्ट्रा'. काम झाल्यावर दोघंही खरं बोलत असता आणि तरी बोलणं बंद होतं. गावात असे किती विद्यार्थी आणि किती गुरुजी एकमेकांकडे न बघता एसटीत बसतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच्याकडून तुम्ही वर्षभर शुद्धलेखन लिहून घेतलंत, आता एक कोटेशन लिहून घ्या. भीड वाटत असेल तर माझ्यावर ढकला. "लेक ऐकत नाही हो, तिला सगळं कागदावर लागतं." मला गावात वाईट व्हायला काही वाटत नाही.

आधी आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवू. खरं कारण आपल्यात कोणी तोंडाने काढत नाही, म्हणून मीच लिहिते. गाडी ओट्यापर्यंत यायला हवी. आईचे गुडघे आणि बाबांचं बीपी धरून रात्री-अपरात्री पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून कोणाला खुर्चीत बसवून रस्त्यावर न्यायची वेळ येऊ नये. बाकी सगळं, म्हणजे शोभा, रंग, 'शेजाऱ्यांनी केलं' वगैरे, त्याच्यानंतर.

आता अंगण. आई, तुझं म्हणणं मी मान्य केलंय, लेखी घे. मातीचं अंगण राहू दे म्हटल्यावर तू म्हणालीस, "मग दिवाळीनंतर ये आणि चोपण्याने चोप, शेण शोध आणि सारव." गोठा रिकामा झाल्यापासून शेणाची पाटी कुठून आणायची आणि चोपायला माणूस कुठून मिळवायचा, हे मला पुण्यात बसून बोलणं सोपं आहे. आंब्याची साठं, आमसुलं, सुपारी वाळवायला कडक, स्वच्छ जागा तुला हवीच. पण म्हणून घराच्या जोत्यापासून कुंपणाच्या गडग्यापर्यंत सगळं काँक्रीटने झाकायचं, याला माझा ठाम विरोध आहे.

कारण पाणी. आपल्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका दिवसात चार इंच पडला तर कोणी छत्रीतून मान वर करून बघतसुद्धा नाही. हजार चौरस फुटांवर चार इंच म्हणजे नऊ हजार लिटरहून जास्त पाणी. आज त्यातलं बरंचसं अंगणात आणि आगरात, आपल्या नारळी-पोफळीच्या बागेत, मुरतं, उरलेलं पाटाने जातं. सगळं काँक्रीट केलंत की तेवढं पाणी एकाच वेळी धावणार. उतार चुकला तर ते जोत्यात शिरणार, बरोबर असला तर खालच्यांच्या परसात. आणि मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला की आपणच विचारणार, यंदा असं कसं झालं?

तर मला सुचलेलं असं. गेटपासून फणसापर्यंत साधारण सत्तर फूट अंतर आहे. तिथे पूर्ण नऊ फूट रुंद रस्ता न करता दोन चाकोऱ्या करायच्या, अडीच-अडीच फुटांच्या, मध्ये खडी किंवा हरळी. नऊ फुटी रस्त्याचे होतात सहाशे तीस चौरस फूट, चाकोऱ्यांचे साडेतीनशे. माल जवळजवळ निम्म्यावर येतो आणि मधून पाणी मुरतं. त्यातली ओट्याच्या बाजूची एक चाकोरी तीन फुटांची करा, म्हणजे चालायला तीच वाट होईल. अंगणात तुळशीभोवती आणि ओट्यापुढे तुला वाळवणाला लागेल तेवढी फरसबंदी करू. पलीकडचा गडग्याकडचा भाग मातीचाच राहू दे. तो सारवू नकोस, तिथे गवत आलं तर आलं.

पेव्हर ब्लॉक नकोत का? असू देत, मला त्यांचं वावडं नाही. फक्त ते लाल-पिवळे चकचकीत नकोत, नाहीतर घर पेट्रोल पंपासारखं दिसेल. दिसण्याचं सोडा, रबराच्या साच्यातले ते गुळगुळीत ब्लॉक पावसात पाय घसरवतात आणि त्यांचा रंगही टिकत नाही. घ्यायचेच तर मशीनवर दाबून काढलेले, खरबरीत. पायी चालायच्या जागी पन्नास मिलिमीटरचे चालतात, गाडीखाली किमान साठचे हवेत, आणि आंब्याचा भरलेला टेम्पो आत येणार असेल तर ऐंशीचे. काँट्रॅक्टर नुसतं 'पेव्हर' म्हणेल. तुम्ही जाडी विचारा.

ब्लॉक असोत की काँक्रीट, खरं काम खाली असतं आणि ते नंतर दिसत नाही. वरची मऊ माती काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलरने दाबायचा, त्यावर सोलिंग, म्हणजे दगड बसवून केलेला थर, आणि मग वरचा थर. हे दाबणं नीट झालं नाही की दुसऱ्या पावसात चाकाखाली खळगे पडतात. म्हणून बाबा, त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम बघून या. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. तिथे चहा घ्या आणि चाकं जातात तिथे जमीन बसलीय का, कडा सुटल्यात का, कुठे पाण्याचा डाग धरलाय का, एवढं बघा. घरच्या बाईला विचारा, पावसात पाणी कुठे साचतं. ती अचूक सांगेल, मालक सांगणार नाही.

मोजमापाचं एक सांगते, कारण इथे शिकलेली माणसंही गडबडतात. तो 'ब्रास'मध्ये बोलेल. फरसबंदीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट आणि खडी-वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका ब्रासचा भाव सांगितला की आधी विचारा, कुठला ब्रास? चाकोऱ्यांचं काँक्रीट पाच इंच धरा. पाचाचे चार झाले तर पाचवा हिस्सा माल वाचतो आणि वरून कोणाला कळत नाही. ओतण्याआधी कडेच्या फळ्यांवर दोरी ताणायला सांगा आणि दोरीपासून खालपर्यंत टेप लावून बघा. मध्यभागी बघा हं, कडेला नाही. कडेला सगळेच पाच इंच देतात.

मिश्रण एकास दीडास तीन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. वाळू खाडीची खारी नको, क्रश सॅन्ड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आणू दे. गवंडी काम सोपं व्हावं म्हणून मालात पाणी वाढवतात, तेवढं तुम्ही खुर्ची टाकून बघितलंत तरी पुरे. दर दहा फुटांवर सांधा ठेवायला सांगा, नाहीतर काँक्रीट स्वतःच हवा तिथे चीर पाडून घेतं. उतार जोत्यापासून आगराकडे, दहा फुटांना अडीच इंच. तो डोळ्यांनी ठरवू नये, पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पातळी बघावी. आणि सगळं झालं की त्याच्यासमोर दोन बादल्या पाणी ओता. डबकं राहिलं तर ते त्याच वेळी दिसेल.

घोटाईचं लक्षात ठेवा. गवंड्याला वर सिमेंटचा निरू मारून आरशासारखं करायची हौस असते, त्यात त्याची कारागिरी दिसते. आपल्याला ती नको. माल आवळत आला की त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. जुलैत शेवाळ धरलं तरी पाय थोडा अडतो. ओट्याच्या पायऱ्यांच्या जागी एका बाजूला उतार आणि लोखंडी कठडा हवा आहे, फुटाला एक इंचापेक्षा जास्त चढ नको, कठडा तीन फूट उंच. बाबा, "मला काय झालंय" हे मी ऐकलेलं आहे. कठडा आईसाठी आहे असं समजा. आई, तू बाबांसाठी समज.

मांडवाचं मात्र विसरू नका. फरसबंदी झाल्यावर मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, कुठे पुरणार? जिथे मेढी येतात तिथे आधीच पीव्हीसी पाइपाचे तुकडे उभे गाडून घ्या आणि वर टोपणं. धुण्याचा दगड आहे तिथेच राहील ना, की न्हाणीघराच्या मागे न्यायचा, ते आईने ठरवावं, कारण त्याचं पाणीही उतारात धरावं लागेल. जेसीबी येण्याआधी सेप्टिक टाकी आणि नळाची लाइन चुन्याने आखून ठेवा. टाकीच्या झाकणावरून जेसीबी गेला तर अंगण बाजूला राहील आणि भलतंच काम निघेल.

पैसे असे द्या. कामगार आणायला दहा टक्के, त्याहून जास्त ॲडव्हान्स नाही. सिमेंट आणि खडी आपण दुकानातून आपल्या नावावर उचलू, मी ऑनलाइन भरते, म्हणजे तो 'मजुरी' तेवढी घेईल आणि मालावरून वाद राहणार नाही. सोलिंग झाल्यावर एक हप्ता, काँक्रीट झाल्यावर एक, मोरी आणि कठडा झाल्यावर एक. शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस बघून, जूनअखेर. त्याला हे आधी सांगा, नंतर नको. चांगला काँट्रॅक्टर कुरकुर करेल पण कबूल होईल. मध्येच काही वाढवावंसं वाटलं, तर भाव ठरवून त्याच कागदावर लिहा. "ते बघू नंतर" हे वाक्य दोन्हीकडून बंद. त्याच्याकडे जीएसटी नंबर नसेल तर तो जीएसटी लावू शकत नाही, हेही हसत हसत विचारून ठेवा.

वेळेचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा अंगण उकरलेलं असून चालणार नाही. त्यानंतर आंबा काढणी, टेम्पो आत-बाहेर. तेव्हा आत्ता लगेच सुरू करून शिमग्याआधी संपवायचं, आणि तेवढे दिवस त्याच्याकडे नसतील तर सरळ दिवाळीनंतर. मे महिन्यात घाईने करायचं नाही. एप्रिल-मेमध्ये गवंडी मिळत नाहीत, पाणी मारायला विहिरीत पाणी नसतं, आणि काम अर्धवट असताना पाऊस आला तर भरलेला सगळा मुरूम आगरात. काँक्रीट ओतल्यावर किमान दहा दिवस ओलं राहायला हवं. गोणपाट टाका, सकाळ-संध्याकाळ पाणी. बाबा आगराचं शिंपणं करतातच, त्यांना हे काम आवडेल. महिनाभर त्यावर गाडी नको, कोणाचीही, जावयाचीसुद्धा.

गेटबाहेरचं गटार बुजवू देऊ नका, पाइप टाकून मोरीच करायची. तो रस्ता ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा हे ग्रामपंचायत कार्यालयात विचारून ज्यांचा असेल तिथे साधा अर्ज द्या. पोच घ्या.

प्रजासत्ताक दिनाला जोडून मी येतेय. टेप घेऊन येईन, दोघं मिळून मापं घेऊ आणि त्याला ओटीवर बोलावू. तोपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नका. कितीही गोड बोलला तरी.

आईने कुळथाचं पीठ दळून ठेवावं, इथलं संपलं.

तुमची,
ताई

ता. क. तो म्हणत होता ना, गाडी वळायला फणस आड येतोय, एका दिवसात तोडून देतो? त्याला सांगा, आपल्या जमिनीतला असला तरी फणस आणि आंबा तोडायला परवानगी लागते, महाराष्ट्रात १९६४चा कायदा आहे. आणि परवानगी मिळाली तरी तो तोडायचा नाही. गाडी मागे घेत घेत बाहेर काढता येते, जावयाला शिकवू. चाकोरी फणसाच्या खोडापासून शक्य तितकी लांब आखा, मुळांवर काँक्रीट नको.