बुचाचे सांताबाबा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

उरलेली लोकर आणि वाईनची बुचं जमली आहेत ना, मग नाताळच्या झाडावर टांगायला इवलेसे सांताबाबा विण. पण टाके घालायच्या आधी बुचाचा घेर मोज. नेहमीच्या बुचाचा व्यास साधारण २४ मिमी असतो, म्हणजे घेर साडेसात सेंमी. उंची साडेचारच्या आसपास.

बुचं दहा मिनिटं वाफेवर धरून दोन दिवस कडकडीत वाळव. ओलसर बूच लोकरीत कोंडलं की आतून बुरशी धरते. लाल डागाचं टोक वर ठेव, ते टोपीखाली झाकलं जातं.

लोकर मध्यम जाडीची हवी. पेन्सिलीवर शेजारी शेजारी गुंडाळून बघ, अडीच सेंमीत बारा-तेरा वेढे बसले की जाडी बरोबर. बारीक असेल तर दुहेरी घे. सुया ३ मिमीच्या, म्हणजे जुन्या मापाने अकरा नंबरच्या. अंगाला पाच मीटर आणि टोपीला तीन मीटर लोकर पुरते, त्यामुळे अगदी लहान गुंडाही टाकू नकोस.

अंगासाठी लाल लोकरीचे १८ टाके घाल, धाग्याचं शेपूट वीतभर सोड. पहिल्या दोन्ही ओळी सुलट विण, नाहीतर खालची कड वर गुंडाळते. मग एक ओळ सुलट, एक उलट, अशा दहा ओळी. पुढच्या सहा ओळी चेहऱ्याच्या रंगात. धागा टाक्यांतून ओवून ओढ आणि पाठीची शिवण घाल. शिवणीत दोन टाके जातात, उरलेले सोळा बुचावर थोडे ताणून बसतात. हा ताणच सगळं धरून ठेवतो, गोंद लागतच नाही. गरम गोंद टाक्यांतून वर येतो आणि तिथे लोकर कडक होते. दोन टाके कमी पडले तर फटींतून तपकिरी बूच डोकावतं, दोन जास्त झाले तर बूच आत गरगर फिरतं. तुझा हात सैल असेल तर टाके बदलू नकोस, पाव मिलिमीटर बारीक सुया घे.

रंग बदलताना गाठ नेहमी शिवणीवरच येऊ दे. एवढ्याशा घेरात पुढे आलेली गाठ गालावर फोड आल्यासारखी दिसते. टोकं ओवत बसू नकोस, बुचाच्या अंगाला आत सरकव.

टोपी अंगावरून बसायची, म्हणून टाके २२. दोन ओळी पांढऱ्या, दोन्ही सुलट. मग लाल रंगात चार ओळी, सुलट-उलट. त्यानंतर प्रत्येक सुलट ओळीत चार ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विण आणि उलट ओळ तशीच जाऊ दे. २२ चे १८, १४, १० आणि शेवटी ६ राहिले की धागा ओवून आवळ. दोन टाके एकत्र करण्याच्या जागा चार कोपऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर ठेव, एकाच बाजूला आल्या तर टोपी कलते.

डोळे काळ्या धाग्याने, गाठीच्या टाक्याचे. दोघांमध्ये दोन टाके अंतर ठेव, तीन झाले तर चेहरा भांबावलेला दिसतो. टोपी अंगाला गोल शिवून घे, मगच टोकाला टांगायचा दोरा ओव. नुसती चढवलेली टोपी झाडावरच राहते आणि सांताबाबा खाली पडतो.

तुझी,
आई