डोळ्याच्या आकृतीत प्रकाशाची वाट चुकते

संपादक महोदय,

डोळ्याविषयीच्या लेखांसोबत छापल्या जाणाऱ्या अनेक आकृत्यांत प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पोहोचताच थेट दंडपेशी आणि शंकुपेशी या प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर पडताना दाखवतात. हे चूक आहे. या पेशी पडद्याच्या मागच्या बाजूला असतात आणि त्यांची प्रकाश टिपणारी टोकेही मागेच वळलेली असतात. बाहुलीतून आलेला प्रकाश काचद्रव, म्हणजे डोळ्यात भरलेला जेलीसारखा पदार्थ, ओलांडून आधी चेतातंतूंच्या थरात शिरतो, मग संदेश पुढे नेणाऱ्या गुच्छिका पेशी, द्विध्रुवी पेशी आणि मधल्या जोडण्यांचे थर पार करून दंड-शंकुपेशींपर्यंत जातो. संदेश मात्र उलट, मागून पुढे येतो.

हा प्रवास जेमतेम पाव मिलिमीटरचा. वाटेतल्या पेशी जवळपास पारदर्शक असतात आणि चेतातंतूंवर मायलिन या पांढऱ्या, स्निग्ध पदार्थाचे आवरण डोळ्याबाहेर पडल्यावरच चढते. काहींच्या पडद्यात ते आतच चढलेले असते. तिथे पांढरा डाग दिसतो आणि तेवढ्या भागापुरती दृष्टी कमी होऊ शकते. पडद्याच्या आरपार उभ्या असणाऱ्या म्यूलर पेशी प्रकाश न विखुरता मागे नेतात, हे 2007 मध्ये गिनीपिगच्या पडद्यावर दाखवले गेले. आपण वाचतो, चेहरे ओळखतो त्या मध्यबिंदूपाशी तर पुढचे थर बाजूला सरकलेले असतात, रक्तवाहिन्याही नसतात.

या रचनेला सदोष म्हणण्याची घाई अनेक जण करतात. ऑक्टोपसच्या डोळ्यात पेशी प्रकाशाकडे तोंड करून असतात आणि त्याला अंधबिंदू, म्हणजे चेतातंतू पडद्यातून बाहेर पडतात तिथली न दिसणारी जागा, नसतो, हे खरे. पण आपल्या दंडपेशींच्या टोकांचा सुमारे दहावा हिस्सा रोज झडतो. तो गिळून पचवण्याचे आणि वापरलेले दृष्टिरंगद्रव्य पुन्हा तयार करून देण्याचे काम मागचा रंगद्रव्याचा थर करतो. प्राणवायूही मुख्यतः त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येतो. टोके या थराला चिकटून राहणे म्हणूनच गरजेचे.

'पडदा सरकला' म्हणतात तेव्हा नेमकी हीच जोडणी तुटते. बहुधा पडद्याला चीर पडते, तिच्यातून द्रव मागे शिरतो, पडदा रंगद्रव्याच्या थरापासून सुटतो आणि उपाशी पेशी मरू लागतात. अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांची गर्दी किंवा एका बाजूने सावली सरकत येणे ही त्याची लक्षणे. वेदना होत नाही, म्हणून लोक थांबतात. मध्यबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यामुळे त्याच दिवशी तपासणी हवी.

— एक नेत्रतज्ज्ञ