सी मधनं सी प्लस प्लस कशी झाली ते पण शिकवा की

मा. संपादक,
बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय, इंजिनिअरिंगची पोरं ढिगानं, पण ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचं (डेटा आणि त्यावरची फंक्शन्स एकत्र बांधून प्रोग्राम लिहायची पद्धत) विचारलं की इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम अशा त्यातल्या शब्दांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात आणि संपलं. 1979 ला बेल लॅब्जमध्ये स्ट्राउस्ट्रपने चालू सी भाषेलाच सिम्युला या आधीच्या भाषेसारखे क्लास (अशा ऑब्जेक्टचे साचे) जोडायला घेतले, त्याचीच पुढे सी प्लस प्लस झाली, आधी नाव पण सी विथ क्लासेसच होतं, एकदम नवी भाषा काढली असती तर जुना कोड कोण फेकणार होतं? आणि पुढे त्याचा सीफ्रंट नावाचा ट्रान्सलेटर परत सी कोडच काढून द्यायचा, म्हणजे क्लासचं साधं स्ट्रक्ट (सीमधला डेटाचा गठ्ठा), क्लासमधल्या मेंबर फंक्शनचं नेहमीचं फंक्शन, फक्त पहिला पॅरामीटर म्हणून धिस पॉइंटर (कुठल्या ऑब्जेक्टवर काम करायचं त्याचा पत्ता) गुपचूप जायचा. एवढं फळ्यावर लिहून दाखवलं तरी पोरांची निम्मी भीती जाईल बघा.

सीवरूनच निघालेल्या ऑब्जेक्टिव्ह-सी या दुसऱ्या भाषेने स्मॉलटॉक भाषेसारखे मेसेज (ऑब्जेक्टला काम सांगायची पद्धत) आणले ते चौकोनी कंसात, जुन्या सीला धक्का नाही (मला तरी हेच जास्त आवडतं). सी प्लस प्लसमध्ये मात्र क्लास हा राखीव शब्द झाला, त्या नावाचा व्हेरिएबल असलेला जुना सी प्रोग्राम तिथं कंपाइलच होत नाही.

लॅबमध्ये दरवर्षी तोच बँक अकाउंटचा प्रोग्राम लिहून घेण्यापेक्षा एखादा क्लास हाताने सीमध्ये उतरवायला लावा.

– एक वाचक, खानापूर