बाबा, नंबर नाही, पण पळालो कसं ते सांगते

आई, बाबा,

रविवारी फोनवर नीट बोलणंच झालं नाही, आवाज तुटत होता आणि बाबा तुमचा एकच प्रश्न चालू होता की कितवा नंबर आला, म्हणून आता निवांत बसून लिहितेय. तर हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली. मी आणि माझी मैत्रीण, तीच जिला व्हिडिओ कॉलवर बघून आई तू केस बांध गं म्हणाली होतीस, आम्ही दोघी बरोबर निघालो आणि बरोबरच पोचलो. अडीच तासाच्या थोडं वर लागले. नंबर वगैरे पुढच्या मूठभर लोकांसाठी महत्त्वाचे असतात, बाकी हजारो लोक आपापली वेळच बघतात. छातीवर पिना लावून जो नंबरचा कागद लावतात ना, बिब म्हणतात त्याला, त्याच्या मागे एक पातळ चिप असते, सुरुवातीच्या मॅटवरून आपण गेलो की वेळ सुरू आणि शेवटच्या मॅटवर बंद, त्यामुळे गर्दीत अगदी मागे उभं राहिलं तरी मिनिटं वाया जात नाहीत.

अंतर किती ते बाबांसाठी लिहिते, तुम्हाला असले आकडे आवडतात. 21.0975 किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनच्या 42.195 चं बरोबर निम्मं. 42.195 हा अर्धवट वाटणारा आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधला, तेव्हा ठरवलेला रस्ता तेवढा भरला आणि पुढे 1921 मध्ये तोच कायमचा झाला.

आता तुमच्या काळजीबद्दल. पळता पळता माणूस गेल्याची पेपरातली बातमी तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवली होतीत बाबा, त्यावर मी लगेच काही लिहिलं नाही कारण नुसतं काही होत नाही हो असं म्हणून तुमची भीती उडवून लावायची नव्हती. ती भीती खोटी नाहीये. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा एक मोठा अभ्यास झालाय, 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. जवळपास 1 कोटी 9 लाख धावणारे होते, त्यातल्या 59 जणांचं हृदय बंद पडलं आणि 42 जण गेले. हाफमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या साधारण पाव. आणि ज्यांची सगळी माहिती मिळाली त्यातल्या बहुतेकांना हृदयाचा आजार आधीपासून होता, बऱ्याचदा स्वतःलाही माहीत नसलेला. म्हणून ट्रेनिंग सुरू करायच्या आधी आम्ही दोघींनी डॉक्टरांकडून बीपी, ईसीजी सगळं करून घेतलं. आणि जे वाचले त्यांच्यासाठी आजूबाजूच्या कुणीतरी लगेच छाती दाबायला सुरुवात केली हे फार महत्त्वाचं ठरलं होतं, ते वाचून आम्ही दोघी सीपीआरसुद्धा शिकलो. हे तुम्हाला आधी सांगितलं नाही कारण तुम्ही अजून घाबरला असतात.

आई, तुझं गुडघ्यांचं. पळून गुडघे झिजतात हे तू लहानपणापासून ऐकलंयस आणि तुझे स्वतःचे दुखतात म्हणून तुला ते पटतंही. पण 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के निघालं आणि न पळणाऱ्यांमध्ये 10.2. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांमध्ये मात्र ते 13.3 होतं, म्हणजे अतीचा त्रास आहेच. आम्ही काही त्या अतीच्या जवळपास पण नाही. आणि बायकांना एवढं झेपतं का हे तू विचारलंस ना, तेच जगाला कितीतरी वर्षं वाटत होतं, ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन 1984 ला पहिल्यांदा झाली, म्हणजे तुझ्या लग्नाच्याही नंतर. अमेरिकेची जोन बेनोइट जिंकली होती. मला हे वाचून खूप भरून आलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही, पण आलं.

ट्रेनिंगमध्ये आम्ही काय करायचो तर गप्पा. खरंच. हळू पळायच्या दिवशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे हाच नियम, वाक्य मध्येच तुटायला लागलं की समजायचं वेग वाढलाय, श्वास पुरत नाहीये, कमी करा. महागडं घड्याळ जे सांगतं ते सोबतीच्या बोलण्यावरून बरंचसं कळतं. त्यामुळे एवढ्या महिन्यांत आम्ही एकमेकींना जेवढं सांगितलं तेवढं मी ताईलापण कधी सांगितलं नसेल. अंधारात शेजारी शेजारी पळताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही त्यामुळे बोलणं सोपं जात असावं. आणि मला उठायचा कंटाळा आला त्या सगळ्या दिवसांत ती खाली गेटपाशी येऊन उभी राहायची, फोन नाही, मेसेज नाही, नुसती उभी, तिला माहीत होतं मी खिडकीतून बघणार.

तिला चालण्याचा ब्रेक लागतो, सलग नाही पळू शकत ती. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचे धावपटू, 1972 च्या ऑलिंपिकला होते, त्यांनी ही थोडं पळा थोडं चाला पद्धत लोकांना शिकवली. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच ठरवून चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. आम्ही चार मिनिटं पळून एक मिनिट चालायचो. सुरुवातीला सगळे भराभर पुढे जात असताना आपण चालायचं म्हणजे मन आवरावं लागतं, पण त्यातलेच बरेच जण शेवटी शेवटी आम्हाला परत भेटले.

सोळा किलोमीटरच्या पाटीपर्यंत ती मस्त होती. मग तिची उत्तरं आखूड होत गेली, नंतर नुसतं हं, आणि नंतर तेही नाही. बघितलं तर खांदे कानापर्यंत वर गेलेले, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली आणि कानशिलावर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटलेली. मी वेग कमी केला, मूठ सोड म्हटलं, पाण्याच्या टेबलाशी थांबून मिठाचं पाणी घेतलं. (आई, तू भरपूर पाणी पी म्हणालीस, पण तहान लागेल तेवढंच प्यायचं असतं, फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जास्त धोक्याचं.) ती म्हणाली तू जा पुढे, तुझी वेळ चांगली येईल. मला जाता आलं असतं, पायात तेवढं होतं. पण गेटपाशी उभं राहणाऱ्या माणसाला सतराव्या किलोमीटरवर सोडून मी ती वेळ घेऊन काय केलं असतं?

मग म्हणाली, काहीतरी बोलत राहा, मला बोलता येत नाहीये. दोनेक किलोमीटर मी काय काय सांगत होते आणि मग सांगण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा बाबा, तुम्ही पाठ करून घेतलेला एकोणतीसचा पाढा सुरू केला. मोठ्यांदा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. आणि तिची पावलं त्या तालावर पडायला लागली! तिच्याही बाबांनी पाठ करून घेतलेला होता, ती पुटपुटत माझ्याबरोबर म्हणायला लागली, शेजारून पळणारे एक काकापण म्हणायला लागले, आणि आम्ही एकोणतीस झाल्यावर उलटे येत सत्तावीसपर्यंत आलो तेव्हा वीसची पाटी मागे गेलेली होती. शेवटचा एक किलोमीटर ती चाललीच नाही, ब्रेकची वेळ झाली तर मानेनेच नको म्हणाली. शेवटच्या मॅटवर दोघींनी पाय बरोबर टाकला.

आता तुमच्याकडे येते. आई, परवा बाबा सांगत होते की दोघं फिरायला गेल्यावर तू झपझप पुढे निघून जातेस आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांची वाट बघतेस. आई, कोपऱ्यावर नको थांबूस, त्यांच्या बरोबरीने चाल. ते मागून एकटे येतात तेव्हा तुला गाठायला म्हणून ओढून चालतात आणि धाप लागली तरी सांगत नाहीत, मी ओळखते त्यांना. शेजारी असलीस की बोलणं होईल आणि बोलता बोलता त्यांचं वाक्य तुटायला लागलं की तुलाच आधी कळेल. बाबा, तुम्हीपण दमायच्या आधी थांबा, दमल्यावर नाही. आणि मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलेली स्ट्रेस टेस्ट अजून केलेली नाहीये, ती या आठवड्यात करा, मी अपॉइंटमेंट घेऊन मेसेज करते. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत चढ नको, सपाट रस्त्यावरच.

दोघांनी चपला घालून फिरणं मात्र आता बंद. मी बूट पाठवतेय. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारा आणि फोटो पाठवा, दोन्ही पायांचा, कारण एक पाय बहुतेक वेळा थोडा मोठा असतो. आणि संध्याकाळी करा हे, दिवसभरात पाय जरा सुजतात, सकाळच्या मापाने घेतलेला बूट मग चावतो.

तुमची,
लेक